दातांचे विरंजन

दातांचे विरंजन म्हणजे दातांचा नैसर्गिक किंवा डागांमुळे आलेला रंग रासायनिक क्रियेने फिकट करण्याची पद्धत होय. व्यवहारात तिला 'दात पांढरे करणे' असे म्हणतात. या पद्धतीत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड या ऑक्सिडीकारक संयुगांचा वापर होतो. विरंजन दंतवैद्याच्या दवाखान्यात करता येते, तसेच दंतवैद्याच्या सल्ल्याने घरीही करता येते. दातांवर साचलेला थर घासून काढणे ही विरंजनाहून वेगळी क्रिया आहे. तिने दात स्वच्छ होतो, पण त्याचा मूळ रंग बदलत नाही.

घरगुती उपाय म्हणून लिंबाचा रस, कोळसा, राखुंडी, विटेची भुकटी असे अनेक पदार्थ वापरले जातात. हे पदार्थ दाताचे विरंजन करीत नाहीत. ते दाताचा बाह्य थर आम्लाने विरघळवतात किंवा घर्षणाने झिजवतात. हा थर, म्हणजे इनॅमल, एकदा नष्ट झाल्यावर शरीर तो पुन्हा तयार करू शकत नाही. त्यामुळे घरी दात पांढरे करण्याची कोणती पद्धत सुरक्षित आहे, हे ती इनॅमल शाबूत ठेवते की नाही यावरून प्रामुख्याने ठरते.

दाताची रचना आणि रंग

दाताच्या दिसणाऱ्या भागावर इनॅमलचे आवरण असते. त्यालाच दंतवल्क असेही म्हणतात. हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. हे खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपटाइट या स्वरूपातील कॅल्शियम फॉस्फेट असते. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवण्याबरोबर नाहीशा होतात. त्यामुळे हाडाप्रमाणे इनॅमल पुन्हा वाढत नाही. लाळेतील कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लुओराइड यांमुळे त्याची सूक्ष्म झीज काही प्रमाणात भरून निघते, परंतु गेलेला थर परत येत नाही.

इनॅमलच्या आत दंतिन असते. त्यात सुमारे ७० टक्के खनिज असून उरलेला भाग प्रथिने आणि पाणी यांचा असतो. दंतिनाचा रंग पिवळसर असतो. इनॅमल स्वतः अर्धपारदर्शक असल्याने दाताचा दिसणारा रंग बऱ्याच अंशी आतल्या दंतिनाचा असतो. निरोगी दात म्हणूनच कागदासारखे पांढरेशुभ्र नसून किंचित पिवळसर असतात. सुळे इतर दातांपेक्षा अधिक पिवळे दिसतात, तेही नैसर्गिक आहे. वाढत्या वयात इनॅमल झिजून पातळ होते आणि आतील दंतिनाचा थर जाड होत जातो. त्यामुळे दात अधिक पिवळे दिसू लागतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. खरखरीत पूड घासल्याने वरचे डाग निघून दात काही दिवस उजळ दिसतात. मात्र त्याबरोबर इनॅमलही झिजत असेल, तर खालचे पिवळे दंतिन अधिक उघड होते. दात पांढरे करण्याचा असा प्रयत्न दीर्घकाळ चालू ठेवला, तर दात पूर्वीपेक्षा जास्त पिवळे दिसू लागतात.

दातांच्या रंगाची नोंद करण्यासाठी दंतवैद्य छटादर्शक पट्टी वापरतात. व्हिटा या नावाने प्रचलित असलेल्या पट्टीवर चार गटांत विभागलेल्या १६ छटा असतात. उपचारापूर्वीची आणि नंतरची छटा तिच्याशी ताडून पाहिली जाते.

रंग बदलण्याची कारणे

दातांवरील डागांचे बाह्य आणि अंतर्गत असे दोन प्रकार मानले जातात.

बाह्य डाग दाताच्या पृष्ठभागावर असतात. चहा, कॉफी, पान, सुपारी, तंबाखू, विडी-सिगारेट, लोहयुक्त पातळ औषधे आणि क्लोरहेक्सिडीन असलेली गुळणीची औषधे ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. दातांवर किटण साचले असेल, तर त्यावर डाग अधिक पक्के बसतात. असे डाग दंतवैद्याकडील साफसफाईने बहुतांशी निघतात. बऱ्याच वेळा एवढ्यानेच अपेक्षित रंग मिळतो आणि विरंजनाची गरज उरत नाही.

अंतर्गत डाग दाताच्या आतील भागात असतात. वयोमान हे त्यांचे एक कारण आहे. आईच्या गर्भारपणात किंवा मुलाच्या वयाच्या सुमारे आठ वर्षांपर्यंत टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके दिली गेल्यास, वाढत असलेल्या दातांत पिवळे, करडे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. मार लागून दातातील मज्जा मेली असेल, तर तो एकच दात काळपट पडतो.

पिण्याच्या पाण्यातील जास्तीचे फ्लुओराइड हेही अंतर्गत डागांचे एक प्रमुख कारण आहे. दात तयार होण्याच्या वयात असे पाणी प्यायल्याने त्यांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी चट्टे पडतात. या विकाराला दंत फ्लुओरोसिस म्हणतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा डागांचा अभ्यास सुरू केला. त्यांचे कारण पाण्यातील फ्लुओराइड आहे, हे १९३१ मध्ये स्पष्ट झाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लुओराइडचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसल्यास ते १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात जास्त फ्लुओराइड आढळते. फ्लुओरोसिसचे डाग अस्वच्छतेमुळे पडत नाहीत आणि कितीही घासल्याने जात नाहीत.

इतिहास

पांढरे दात सर्वत्र सौंदर्याचे लक्षण मानले गेले, असे नाही. जपानमध्ये ओहागुरो या प्रथेनुसार विवाहित स्त्रिया आणि उच्चकुलीन लोक दात काळे करीत असत. एकोणिसाव्या शतकात मेजी काळापासून ही प्रथा मागे पडली. भारतातही स्त्रिया मिस्सी नावाची पूड लावून दात आणि हिरड्या काळ्या करीत असत. दुसरीकडे, प्राचीन रोमन जगात दात उजळ ठेवण्यासाठी मूत्राचा वापर होत असल्याचा उल्लेख कॅटलस या कवीने उपहासाने केला आहे.

रासायनिक विरंजनाचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. आरंभी ऑक्झॅलिक आम्ल आणि क्लोरीनयुक्त संयुगे वापरली गेली. १८८० च्या दशकात हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर होऊ लागला. घरी करावयाच्या विरंजनाचा शोध मात्र योगायोगाने लागला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यातील बिल क्लुस्मायर या दंतवैद्याने हिरड्यांच्या उपचारासाठी कार्बामाइड पेरॉक्साइड असलेले औषध रुग्णांना तोंडातील साच्यात भरून रात्री वापरण्यास सांगितले. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही फिकट झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९८९ मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅराल्ड हेमन यांनी रात्रभर साचा वापरण्याच्या या पद्धतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर तिचा प्रसार जगभर झाला.

रासायनिक क्रिया

दातातील रंगीत सेंद्रिय रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळ्या असतात. प्रकाशाचा काही भाग या साखळ्या शोषून घेतात, म्हणून दात रंगीत दिसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे रेणू लहान असल्याने ते इनॅमलमधून पार होऊन दंतिनापर्यंत पोहोचतात. तेथे त्यांच्या विघटनातून तयार होणारे क्रियाशील घटक या साखळ्या तोडतात. तुटलेले रेणू दृश्य प्रकाश कमी शोषतात आणि दात उजळ दिसतो. या क्रियेत दाताचा थर काढून टाकला जात नाही. रंगद्रव्यात बदल होतो.

कार्बामाइड पेरॉक्साइड हे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया यांचे संयुग आहे. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ते सावकाश मुक्त होत असल्याने या संयुगाचा परिणाम काही तास चालू राहतो.

घरी करण्याच्या मान्य पद्धती

साचा वापरून केलेले विरंजन. ही सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत आहे. दंतवैद्य आधी दात आणि हिरड्या तपासतो, किडलेले दात भरतो आणि किटण काढतो. त्यानंतर दातांचे माप घेऊन पातळ, मऊ प्लॅस्टिकचा साचा तयार केला जातो. घरी या साच्यात प्रत्येक दातासाठी जेलचा लहानसा थेंब घालून तो दातांवर बसवतात. हिरडीवर आलेले जेल लगेच पुसतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असेल, तर साचा साधारणपणे रात्रभर ठेवला जातो. सामान्य पिवळेपणा दोन आठवड्यांच्या सुमारास कमी झालेला दिसतो. टेट्रासायक्लीनच्या डागांना अनेक महिने लागू शकतात. साचा मापाचा असल्यामुळे जेल हिरड्यांवर कमी पसरते, हा या पद्धतीचा मुख्य फायदा आहे.

विरंजक पट्ट्या. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जेलचा लेप दिलेला असतो. ती वेष्टनावर सांगितलेल्या वेळेपुरती समोरच्या दातांवर चिकटवतात. दात वेडेवाकडे असल्यास पट्टी सर्वत्र सारखी टेकत नाही आणि रंग असमान दिसू शकतो.

विरंजक टूथपेस्ट. 'व्हाइटनिंग' या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक टूथपेस्ट सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक कणांनी बाह्य डाग काढतात. काहींमध्ये निळसर रंगद्रव्य असते. त्याचा पातळ थर दातावर बसून पिवळेपणा काही काळ झाकला जातो. दाताचा आतील रंग अशा टूथपेस्टने बदलत नाही. टूथपेस्टचा घर्षणांक आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५० पेक्षा अधिक असू नये, असा संकेत आहे.

निळ्या दिव्याच्या संचांमुळे विरंजन अधिक टिकाऊ होते, असे सिद्ध झालेले नाही. उपचारादरम्यान दात कोरडा पडतो आणि कोरडा दात काही काळ अधिक पांढरा दिसतो. त्यामुळे अंतिम रंग लगेच न ठरवता काही दिवसांनी पाहिला जातो.

प्रचलित घरगुती उपाय आणि त्यांचे धोके

लिंबू आणि व्हिनेगर. तोंडातील आम्लता साधारणपणे ५.५ पीएचच्या खाली गेली, की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात 'आंबतात', हा अनुभव आम्लाच्या अशाच परिणामाशी निगडित आहे. आहारातील आंबट पदार्थ लाळेमुळे लवकर सौम्य होतात. रस मुद्दाम दातांवर चोळून ठेवल्यास ही संधी मिळत नाही. त्यानंतर लगेच ब्रश केल्यास मऊ झालेला थर अधिक वेगाने झिजतो. स्ट्रॉबेरीसारख्या आंबट फळांचा गर आणि खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणालाही हेच लागू आहे.

खाण्याचा सोडा. सोडियम बायकार्बोनेटचे कण तुलनेने मऊ असतात आणि ते अल्कधर्मी असल्याने आम्ल सौम्य करते. त्यामुळे ते काही टूथपेस्टमध्ये वापरले जाते. ते केवळ बाह्य डाग काढू शकते. नुसत्या सोड्यात फ्लुओराइड नसल्याने तो टूथपेस्टची जागा घेऊ शकत नाही.

कोळसा, राखुंडी आणि विटेची भुकटी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गोवऱ्यांची राख किंवा राखुंडी, कोळशाची पूड आणि मीठ यांनी दात घासण्याची पद्धत जुनी आहे. यांतील कण ओबडधोबड आणि कठीण असू शकतात. ते दातावर ओरखडे पाडतात आणि हिरड्या सोलवटतात. बाजारात मिळणाऱ्या कोळशाच्या टूथपेस्टबाबत २०१७ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांची सुरक्षितता आणि गुणकारकता यांसाठी पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कोळशाचे कण हिरडीच्या कडेला आणि दाताच्या फटींत अडकून काळी रेघही दिसू शकते.

मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात. तिला मिश्री म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात स्वच्छ करण्यासाठी तिचा वापर होत आला आहे. मिश्रीतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते. सुरुवातीला सकाळी एकदा लावली जाणारी मिश्री पुढे दिवसातून अनेक वेळा लावण्याचे व्यसन बनते. तिने दात पांढरे होत नाहीत, उलट डाग पडतात. धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. गर्भारपणातील मिश्रीच्या वापराचा संबंध बाळाच्या कमी वजनाशीही आढळला आहे.

औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमा धुण्यासाठी विकले जाणारे द्रावण दातांसाठी बनवलेले नसते. ते जेलसारखे एका जागी न राहता तोंडभर पसरते. त्यामुळे हिरड्या, जीभ आणि गाल भाजू शकतात.

तेलाच्या गुळण्या. आयुर्वेदात गंडूष आणि कवल या नावांनी हा विधी सांगितला आहे. तो दातांना इजा करीत नाही; तथापि त्याने दातांचा रंग फिकट होतो, याला ठोस आधार नाही.

दुष्परिणाम

योग्य पद्धतीने केलेल्या विरंजनातही दात शिवशिवणे हा दुष्परिणाम वारंवार आढळतो. थंड पाणी किंवा वारा लागल्यावर कळ येते. हा त्रास बहुधा तात्पुरता असतो आणि उपचार थांबवल्यावर काही दिवसांत नाहीसा होतो. तो कमी करण्यासाठी एक-दोन रात्री साचा न लावणे, जेल कमी वेळ ठेवणे किंवा पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरणे हे उपाय केले जातात. जेल हिरडीला लागल्यास ती जागा पांढरी पडून चुरचुरते. कळ तीव्र असेल किंवा थांबत नसेल, तर दात किडलेला अथवा भेगाळलेला असण्याची शक्यता असते आणि तपासणी आवश्यक ठरते.

अधिक परिणामाच्या आशेने जेल सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवणे किंवा एकापाठोपाठ एक अनेक वेळा विरंजन करणे यांमुळे इनॅमलला हानी पोहोचू शकते.

मर्यादा आणि अपवाद

विरंजनाचा परिणाम केवळ नैसर्गिक दातावर होतो. दातात भरलेले सिमेंट, टोपी आणि कृत्रिम दात यांचा रंग बदलत नाही. समोरच्या दातांत असे काम झालेले असल्यास विरंजनानंतर रंगांत तफावत दिसते. दातात नवे रंगीत सिमेंट भरायचे असेल, तर विरंजनानंतर सुमारे दोन आठवडे थांबतात; दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही.

गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना, तसेच लहान मुलांना हा उपचार सहसा दिला जात नाही. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या किंवा उघडी पडलेली मुळे असतील, तर आधी त्यांवर उपचार केले जातात. एकच दात काळपट पडला असेल, तर घरी विरंजन केल्याने मूळ कारण लपते. अशा दाताला अनेकदा रूट कॅनॉलची गरज असते आणि त्यानंतर त्याचे विरंजन आतून केले जाते.

विरंजन कायमस्वरूपी नसते. खाण्यापिण्याच्या सवयींनुसार काही महिने ते काही वर्षांत रंग पुन्हा गडद होऊ लागतो.

कायदेशीर नियमन

युरोपीय संघात २०११ चा निर्देश ३१ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला. त्यानुसार ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने ग्राहकाला थेट विकता येतात. ०.१ ते ६ टक्क्यांपर्यंतची उत्पादने फक्त दंतवैद्यामार्फत मिळतात. पहिला वापर दंतवैद्याकडे व्हावा लागतो आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत. ६ टक्क्यांहून अधिक प्रमाणाला मनाई आहे.

भारतात टूथपेस्ट आणि दंतमंजन यांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो. याच कायद्याखाली ३० एप्रिल १९९२ रोजी तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजन यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी कायम ठेवली. घरी भाजून केलेली मिश्री मात्र या बंदीच्या कक्षेत प्रत्यक्षात येत नाही.

रंग टिकवण्याचे उपाय

विरंजन केलेले असो वा नसो, दातांचा रंग टिकवण्याचे उपाय सारखेच आहेत. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि फ्लुओराइडयुक्त टूथपेस्टने दात घासणे, चहा-कॉफीनंतर पाण्याने चूळ भरणे, तंबाखू आणि पान-सुपारी टाळणे व ठरावीक काळाने दंतवैद्याकडून किटण काढून घेणे हे त्यांतील प्रमुख होत. लिंबू सरबत किंवा शीतपेय प्यायल्यावर लगेच ब्रश न करता सुमारे अर्धा तास थांबावे, असे सांगितले जाते; तेवढ्या वेळात लाळेमुळे तोंडातील आम्लता कमी होते. जोर लावून आडवे घासल्याने दात उजळत नाहीत. त्यामुळे हिरडीलगतचा भाग झिजून तेथे खाच पडते आणि पिवळे दंतिन उघडे पडते.